गाडीचा हीटर गार हवा फेकतोय? आधी बॉनेट उघडा

गोव्यात गाडीला हीटर आहे हे वर्षातले बरेच महिने कुणाच्या ध्यानातही नसतं. तापमानाचं बटण निळ्या टोकाला फिरवलेलं असतं आणि तिथेच राहतं. मग मार्गशीर्षात दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला निघालेली गाडी पहाटे आंबोली चढते, किंवा जानेवारीत बेळगावहून परतताना चोर्ला घाटात धुकं लागतं. कुणीतरी बटण लाल टोकाला नेतं, आणि जाळीतून येते ती गारच हवा. पावसाळ्यातही तीच गत. आतून काच धुरकटली की हीटर लागतो, किंबहुना आपल्याकडे त्याचा खरा उपयोग थंडीपेक्षा पावसातच जास्त.

हीटर बिघडला म्हटल्यावर बहुतेक जण डॅशबोर्ड खोलायच्या गोष्टी करतात. तिथेही दोष असू शकतो. पण आपल्याकडच्या गाड्यांत कारण बऱ्याचदा बॉनेटखाली असतं: कूलंट कमी झालेलं, कूलंटच्या जागी विहिरीचं पाणी भरलेलं, किंवा पूर्वी कधीतरी गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेला. डिसेंबरात हीटर गार ठेवणारा हाच दोष मे महिन्यात फोंड्याच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन उकळवू शकतो. म्हणून ‘इथे कुठे एवढी थंडी’ म्हणून हे काम मागे टाकू नये.

हीटरची रचना साधी आहे. इंजिन थंड ठेवण्यासाठी जे कूलंट फिरत असतं, त्यातला थोडा भाग दोन रबरी होजमधून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरकडे जातो आणि परत येतो. या छोट्या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. किती हवा कोअरवरून जावी आणि किती बाजूने, हे एक फिरती झडप ठरवते. लाल-निळं बटण तीच झडप हलवतं. त्यामुळे गार हवेची कारणं दोनच प्रकारची: कोअरपर्यंत गरम कूलंट पोचत नाही, किंवा कोअर गरम असूनही हवा त्यावरून जात नाही. कुठला प्रकार आहे हे कळलं की अर्धं काम झालं, आणि ते कळायला एकही नट खोलावा लागत नाही.

आधी हे बघून घ्या

गाडीत हीटर आहे ना? प्रश्न विनोदी वाटेल, पण काही स्वस्त आणि जुन्या मॉडेलांत कंपनीकडूनच हीटर येत नाही. बटणावर लाल पट्टा नसेल आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन होज आत जात नसतील, तर शोधायला काही उरलंच नाही.

जुनी गाडी विकत घेतलेली असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. ते दोन्ही होज आत न जाता इंजिनाजवळच एकमेकांना जोडलेले आहेत का? कोअर गळायला लागला की काही गॅरेजवाले हा बायपास करून देतात. गोव्यात हीटरवाचून कुणाचं अडत नाही, म्हणून मालकही हो म्हणतो आणि विसरतो. अशा गाडीत कोअर बदलल्याशिवाय किंवा दुरुस्त केल्याशिवाय होज परत जोडू नका, नाहीतर गालिचा भिजेल.

एसी बंद ठेवा, बटण पूर्ण लाल टोकाला न्या. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल तर तापमान सर्वांत वरच्या आकड्याच्याही पुढे नेऊन ठेवा. ब्लोअर दोनवर, हवा पायांकडे. आता गाडी दहा-पंधरा मिनिटं प्रत्यक्ष चालवा. नुसती उभी ठेवून बघू नका, विशेषतः डिझेल गाडी. आयडलिंगवर डिझेल इंजिन फार हळू तापतं आणि उगाच चुकीचा निष्कर्ष निघतो.

हवाच येत नसेल, किंवा ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालत असेल, तर तो वेगळा आजार. बहुतेक वेळा ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळलेला असतो. हवा अगदी मंद असेल तर ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा. फणस-आंब्याखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तिथे पाचोळा आणि क्वचित उंदराचं घरटंही निघतं.

दोन होजची परीक्षा

इंजिन तापलं, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आला, की गाडी सपाट जागी थांबवा, हँडब्रेक ओढा. इंजिन चालूच, हीटर पूर्ण गरमवर. बॉनेट उघडा आणि ते दोन हीटर होज शोधा. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी पंखा आणि पट्ट्यापासून दूर. रेडिएटरचा पंखा कधीही अचानक सुरू होतो.

दोन्ही होजना आळीपाळीने क्षणभर हात लावा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. मात्र कोविडच्या काळात घरोघरी आलेलं कपाळावर धरायचं यंत्र इथे कामाचं नाही, त्यातली बहुतेक ४३ अंशांच्या वर दाखवतच नाहीत. निदान असं करायचं:

दोन्ही होज इतके गरम की दोन-तीन सेकंदांच्या वर धरवत नाहीत: कूलंट कोअरमधून नीट फिरतंय. दोष झडपेत, तिच्या केबलमध्ये किंवा मोटरमध्ये.

एक चटका देणारा, दुसरा कोमट किंवा गार: कूलंट कोअरपर्यंत जातं पण पार होत नाही. कोअर तुंबलाय, किंवा होजवर बसवलेला हीटर व्हॉल्व्ह बंद अडकलाय.

दोन्ही गार, पण काटा मधोमध: कूलंट कमी आहे किंवा हीटरच्या फेऱ्यात हवा अडकली आहे. यात कूलंट फिरवणारा वॉटर पंपही संशयित.

दोन्ही कोमट आणि काटाही खाली: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवर नाहीच.

रेस दिल्यावर गरम, आयडलिंगवर गार: आधी कूलंटची पातळी बघा, मग हवा, शेवटी वॉटर पंप.

कूलंट: सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा

हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी करणं सर्वांत बरं. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाबाखालचं कूलंट क्षणात उकळून तोंडावर येतं; यात लोक गंभीर भाजतात.

कूलंटच्या बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. गाडीच्या रेडिएटरवरच दाबाचं झाकण असेल आणि बाजूची बाटली नुसती साठ्याची असेल, तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होऊ शकतं. इंजिन थंड होताना रेडिएटर बाटलीतून कूलंट परत ओढून घेतो, पण झाकणाचं रबर कडक झालं किंवा बाटलीच्या बारीक नळीला चीर गेली की तो हवा ओढतो. म्हणून थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून आत डोकावा. कूलंट तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. ज्या गाड्यांत बाटलीच दाबाखाली असते आणि तिलाच जाड चुडीचं झाकण असतं, तिथे बाटलीवरच्या खुणा पुरेशा.

पातळी कमी असेल तर कूलंट गेलं कुठे, हे शोधल्याशिवाय वरून ओतत राहण्यात अर्थ नाही. होजच्या जोडांवर, वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकाजवळ आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या कडेला पांढरट, हिरवट किंवा गुलाबी सुकलेला थर शोधा. बाहेर कुठेच खूण नाही तर पुढच्या सीटखालचा गालिचा चाचपा. ओला आणि किंचित चिकट लागला, गोडसर वास आला, काचेवर आतून तेलकट पापुद्रा बसत असला तर कोअर गळतोय. नुसतं स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर तो एसीचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीचा दोष. आपल्या दमट हवेत ही नळी वारंवार तुंबते. खालून बारीक तार घातली की मोकळी होते. कोअर गळतोय समजून डॅशबोर्ड खोलण्याआधी हा फरक नक्की करून घ्या.

आता काय भरायचं. विहिरीचं पाणी नको. जांभ्या दगडातलं पाणी लोहयुक्त आणि बऱ्याच ठिकाणी किंचित आम्लधर्मी असतं, किनाऱ्याजवळच्या विहिरींना खारटपणा येतो, आणि हे सगळं ॲल्युमिनियमला खातं. नळाचं पाणीही नको. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. ‘गोव्यात बर्फ कुठे पडतो, कूलंट हवं कशाला’ हा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो. गोठण्यापासून बचाव हे कूलंटचं एक काम झालं. गंज रोखणं, वॉटर पंपाचं सील टिकवणं आणि उकळण्याचा बिंदू वाढवणं ही बाकीची, आणि ती आपल्याला पुरेपूर लागतात.

घट्ट कूलंट (डब्यावर ‘कॉन्सन्ट्रेट’) असेल तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर पाणी मुळीच मिसळू नका. रंगावरून जात ओळखायला जाऊ नका. एकाच रंगात वेगवेगळी रसायनं मिळतात. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार घ्या, आणि आधी कुठलं आहे ते माहीत नसेल तर सगळं काढून नवीन भरा. विसंगत कूलंट एकत्र आली की कधी कधी चिखलासारखा गाळ धरतो, आणि तो गाळ पहिल्यांदा अडकतो तो हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत.

छोट्या पेट्रोल गाडीत सगळं मिळून साधारण साडेतीन ते पाच लिटर मावतं. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. रेडिएटरखालचा प्लग उघडल्यावर ते सगळं निघत नाही, इंजिनात बरंच राहतं. इथे हिशेब चुकतो. समजा एकूण पाच लिटर, त्यातलं तीनच लिटर निघालं, आणि आत होतं ते साधं पाणी. निम्म्याचं प्रमाण साधायला अडीच लिटर घट्ट कूलंट आणि फक्त अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर घालावं लागेल. निघालेल्या तीन लिटरच्या जागी सरळ दीड-दीड घातलं तर प्रमाण तीस टक्क्यांवर येतं. पाणी गढूळ तांबूस निघालं तर आधी डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन तापवून, थंड करून, पुन्हा काढा. स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा करावं लागतं.

काढलेलं कूलंट बादलीत धरा, गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोड्या प्रमाणातही ते त्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरतं. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुनं इंजिन ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

अडकलेली हवा काढणं

कूलंट बदललं, होज बदलला, वॉटर पंप उघडला, आणि नंतर हीटर गार पडला, तर पहिला संशय हवेवर. गाडी सुरू करताना डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल तर खात्रीच समजा. बऱ्याच गाड्यांत हीटर कोअर उंचावर असतो, म्हणून हवा तिथे जाऊन बसते.

१. इंजिन थंड. गाडी चढावर अशी उभी करा की नाक वर राहील. घराबाहेरचा चढणीचा रस्ता पुरतो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांमागे दोन्ही बाजूंना दगड लावा.

२. बटण पूर्ण गरमवर, ब्लोअर एकवर. होजवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढायचा छोटा स्क्रू असेल तर सैल करा.

३. झाकण काढून अगदी हळू, बारीक धारेने भरा. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय सलग कूलंट यायला लागलं की तो बंद करा. प्लॅस्टिकचा असतो, जोर लावला तर तुटतो.

४. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. मोठं नरसाळं घट्ट बसवून त्यात थोडं कूलंट ठेवलं तर सांडत नाही. जाड हातमोजा घालून वरचा जाड होज दाबा-सोडा. बुडबुडे येत राहतील. ज्यांची बाटलीच दाबाखालची असते अशा काही गाड्यांत झाकण लावूनच इंजिन तापवायचं असतं, तेव्हा पुस्तिका बघा.

५. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. लगेच भरा. मग दोन-अडीच हजार आरपीएमवर दहा-दहा सेकंद तीन-चारदा रेस द्या.

६. पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला, जाळीतून चांगली गरम हवा आली, बुडबुडे थांबले, की झाकण लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा. थोडी उतरलेली असणारच, ती भरा. मात्र आठवडाभर रोज बुडबुडे येतच असतील, कूलंट कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर ती अडकलेली हवा नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं सील, गेलं असण्याची शक्यता आहे आणि गाडी चालवणं थांबवायला हवं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तरी तेच.

थर्मोस्टॅट काढून टाकायची खोड

‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ असं सांगून तो काढून फेकणारे अजूनही भेटतात. गाडी गरम होते या तक्रारीवर हा सोपा उपाय वाटतो आणि काही दिवस काटा खाली राहतो, म्हणून मालकही खूश. प्रत्यक्षात इंजिन कायम गरजेपेक्षा थंड चालतं. इंजेक्शनच्या गाडीत संगणकाला वाटतं इंजिन अजून तापायचंय, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, मायलेज घसरतं, ऑइलमध्ये पाण्याचा आणि पेट्रोलचा अंश साठतो. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती बायपासची वाट बंद करत असते. तो काढला की कूलंट रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथे फिरतं आणि चढावर इंजिन उलट जास्त तापतं. गरम होण्यावर उपाय म्हणून काढलेला भाग गरम होण्याचं कारण बनतो, हे आमच्या मते गॅरेजमधलं सर्वांत महागडं फुकट काम आहे.

ओळखायचं कसं? मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने किंवा अनमोड घाट उतरताना काटा खाली खाली जातो, सिग्नलला थांबलं की परत वर येतो. गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारा ओबीडी स्कॅनर असेल तर नेमकं कळतं: तापलेलं इंजिन बहुतेक गाड्यांत ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान असायला हवं. तो आकडा रस्त्यावर ६०-६५ वर रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा आहे. संगणक यासाठी पी०१२८ हा कोडही नोंदवतो. आताच्या बऱ्याच गाड्यांत काटाच नाही, नुसता निळा-लाल दिवा असतो. तिथे स्कॅनरशिवाय अंदाज बांधणं कठीण.

बदलायचं काम बहुतेक छोट्या गाड्यांत तासाभराचं. थर्मोस्टॅट इंजिनाकडे जाणाऱ्या जाड होजच्या टोकाशी, ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या घरात असतो. कुठे वरच्या होजला, कुठे खालच्या. कूलंट दीड-दोन लिटर उतरवा, होजची क्लिप पक्कडीने मागे सरकवा, होज ओढण्याआधी पिळून सैल करा. घराचे बोल्ट बहुधा १० नंबरच्या पान्याचे असतात. जुना थर्मोस्टॅट कसा बसवला होता त्याचा फोटो काढा, मगच बाहेर घ्या. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि चकतीवर छोटं हलतं पिन असेल तर ते वरच्या बाजूला, कारण हवा तिथूनच निसटते. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. पातीने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडले की गळती ठरलेली. नवीन रबर रिंग बसवा, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. लांब पाना लावून जोर काढू नका, एवढ्याशा बोल्टची चुडी ॲल्युमिनियममध्ये सहज जाते. काही नव्या गाड्यांत घर आणि थर्मोस्टॅट एकत्रच मिळतं. तिथे पूर्ण संच बदलावा लागतो.

नवा बसवण्याआधी घरीच तपासा. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये लोंबकळत ठेवा, बुडाला टेकवू नका. त्याच्या अंगावर आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२ ते ८८ च्या आसपास. पाणी त्या तापमानाला पोचलं की चकती उघडायला लागली पाहिजे आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. पाणी उकळलं तरी मिटलेलाच असेल किंवा गार पाण्यातही फट दिसत असेल तर परत करा. (ते पातेलं मग स्वयंपाकाला नको.)

तुंबलेला कोअर

एक होज गरम, एक गार. होजवर हीटर व्हॉल्व्ह असेल तर आधी त्याची दांडी हाताने हलवून बघा. जुन्या गाड्यांत ती केबलने चालते आणि वर्षानुवर्षं न हलल्याने गंजून जागीच धरते. थोडं तेल, थोडा धीर. नाही सुटली तर व्हॉल्व्ह बदला.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर कोअर धुवायचा. तो तुंबण्याचं नेहमीचं कारण गंज, आणि दुसरं म्हणजे गळती थांबवायला रेडिएटरमध्ये टाकलेली हळद किंवा बाजारातली पावडर. हळद भोक बुजवते हे खरं, पण तिला भोक आणि हीटर कोअरची नळी यांतला फरक कळत नाही.

इंजिन थंड करून दोन्ही हीटर होज सोडवा. कोअरच्या नळ्या प्लॅस्टिकच्या किंवा पातळ ॲल्युमिनियमच्या असतात, त्यामुळे होज ओढून काढू नका. नाहीच सुटला तर होजला लांबीने चीर द्या आणि नवा घाला. होज स्वस्त, कोअर महाग. ज्या नळीतून कूलंट बाहेर येतं तिला बागेचा पाइप लावा आणि नळ जेमतेम सोडून उलट दिशेने पाणी जाऊ द्या. दुसऱ्या तोंडाखाली बादली. आधी तांबूस, गाळाचं पाणी येईल. दिशा आलटून पालटून दहा-पंधरा मिनिटं करा, दोन्हीकडून सारखी आणि स्वच्छ धार येईपर्यंत. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, जोड फुटतात. संडास साफ करायचं आम्ल तर अजिबात नको, ते ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. गाळ जुना असेल तर रेडिएटर फ्लशची बाटली आणून तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ वापरा. शेवटी एक लिटर डिस्टिल्ड वॉटर आतून फिरवा, होज जोडा, कूलंट भरा, हवा काढा.

हे करूनही फरक पडला नाही, किंवा कोअर गळतोय, तर बदलण्याशिवाय गत्यंतर नाही. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. एअरबॅग असलेल्या गाडीत हे घरी करू नका. पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात लावू नका.

दोन्ही होज गरम असतील तर

कुणाला तरी बटण निळ्याकडून लालकडे फिरवायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली, दोन्ही बाजूंच्या पायांच्या जागेतून बघा. केबलची गाडी असेल तर एक दांडी हलताना दिसेल. बटण फिरतंय आणि दांडी स्थिर, म्हणजे केबल क्लिपमधून निसटली आहे. बटण निळ्यावर, दांडीही गारच्या टोकाला, अशा स्थितीत केबल परत अडकवून क्लिप दाबा. क्लिप तुटली असेल तर पातळ केबल टायने बाहेरचं आवरण जागी बांधलं तरी काम भागतं. खाऱ्या हवेने आतली तार गंजून बटण जड झालं असेल तर ते जोराने फिरवू नका, बटणाचे दात तुटतात. केबल सोडवून आत पातळ तेल सोडा.

छोट्या मोटरवर चालणारी झडप असेल तर बटण फिरवताच टक टक टक असा आवाज येतो का ऐका. तो मोटरचे प्लॅस्टिकचे दात घसरल्याचा. मोटर दोन-तीन स्क्रूंवर असते, बदलता येते. आवाजच नसेल तर आधी फ्यूज, मग उंदराने कुरतडलेली वायर शोधा. काही गाड्यांत बॅटरीची ऋण तार पंधरा मिनिटं काढून परत लावली की मोटर आपली जागा नव्याने शिकते. पैसे खर्च करण्याआधी हे करून बघायला हरकत नाही.

वॉटर पंपाबद्दल थोडंच. पात्या झिजल्या किंवा सैल झाल्या की कूलंट पुरेसं ढकललं जात नाही आणि आयडलिंगवर हीटर गार पडतो. कूलंट, हवा, थर्मोस्टॅट, कोअर हे सगळं नीट असल्याची खात्री झाल्यावरच पंपाकडे वळा. ज्या इंजिनात तो टायमिंग बेल्टवर चालतो तिथे बेल्ट आणि पंप एकत्रच बदलून घेणं परवडतं. इलेक्ट्रिक गाडीत यातलं बरंचसं लागू नाही. तिथे उष्णता विजेवरच्या हीटरमधून किंवा हीट पंपातून येते, आणि उच्च दाबाच्या नारिंगी वायरींचं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचंच.

दुरुस्ती झाल्यावर महिन्यातून एकदा, उन्हाळ्यातही, दहा मिनिटं बटण पूर्ण गरमवर ठेवून काचा उघड्या टाका. झडप, केबल, व्हॉल्व्ह हलते राहतात. पावसात काच धुरकटली तर हीटर आणि एसी दोन्ही एकदम लावा, हवा बाहेरची घ्या, रोख काचेकडे. एसी हवेतली वाफ काढतो, हीटर तीच हवा गरम करतो, आणि काच मिनिटभरात निवळायला लागते. नुसता हीटर लावून हवा आतल्या आत फिरवत ठेवली तर ओल्या छत्र्या आणि चपलांची वाफ काचेवरच बसते.

घाटात, ऐन चढावर

चोर्ला चढताना काटा लालकडे सरकू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर शेवटच्या स्पीडला लावा, काचा उघडा. हीटर कोअर त्या वेळी दुसऱ्या छोट्या रेडिएटरचं काम करतो आणि थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत वेळ मिळतो. मात्र आधी गरम येणारी हवा चढावर एकाएकी गार झाली, तर काटा कुठेही असला तरी गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. कोअरपर्यंत कूलंट पोचत नाही, म्हणजे ते बाहेर गेलेलं असू शकतं. अशा वेळी तापमान मोजणारा सेन्सरही कोरडा पडून काटा खोटा खाली उतरतो. पार्किंगचे (चारही लुकलुकणारे) दिवे लावा, वळणापासून दूर थांबा, किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. मग जाड फडकं टाकून झाकण अर्धा आटा सैल करा, फुसफुस थांबली की काढा. जवळ असेल ते पाणी थोडं थोडं ओता आणि खाली बघा. ओतलेलं पाणी लगेच रस्त्यावर येत असेल तर टोइंगची गाडी बोलवा. टिकत असेल तर झाकण लावून सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जा, आणि गळती बंद झाल्यावर ते पाणी काढून निम्म्या-निम्म्याचं मिश्रण भरा.